मधलं घर

माझ्या गळ्याला एक पोचा आहे. सॅक्सोफोनला गळा असतो, छाती असते आणि खाली भोपळ्याच्या फुलासारखं उघडलेलं तोंड असतं, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी मला खुंटीवर बघून "हुक्का हाय का वो?" असंही विचारलेलं आहे. मी मनाला लावून घेत नाही. पितळेच्या अंगाला टोमण्यांनी भेग जात नाही. पोचे मात्र पडतात, आणि प्रत्येक पोच्याची माझ्याकडे तारीख-वारासकट हकीकत आहे.

सध्या माझा मुक्काम कोहिनूरला, मारोती मास्तरांच्या घरी. बीदर जिल्ह्यातलं, बसवकल्याण तालुक्यातलं हे गाव. इथे माणसं घरात मराठी, बाजारात कन्नड आणि भांडणात दखनी बोलतात. मी तिन्हींत वाजलेला आहे. आता जे सांगतो ते मराठीत, कारण मास्तर माझ्याशी मराठीतच बोलतात.

माझा जन्म कुठल्या मुलखातला हे नेमकं सांगता येणार नाही. कारखान्याचं आणि गावाचं नाव माझ्या छातीवर कोरलेलं होतं. पण चिंच आणि राख लावून मला इतकी वर्षं इतकं घासलं गेलं, की नाव पार पुसून गेलं. समुद्रावरून आलो एवढं आठवतं. पेटीत निळी मखमल होती आणि आत शेजारी कुणी नव्हतं. तेव्हा मी फार अक्कडबाज होतो.

माझा पहिला धनी कायतान. गोव्याचा माणूस, सिकंदराबादच्या रेल्वे क्लबात वाजवायचा. रविवारी दुपारी तिथे नाच असे. साहेबलोक गेले होते, पण त्यांचे नाच राहिले होते. समोर कागद ठेवून, गळ्याशी बो बांधून कायतान लिहिलं असेल तेवढंच वाजवी. मला ते काही फार भारी वाटत नसे. खरी गंमत नंतर. जोडपी घरी गेली, वेटर खुर्च्या उलट्या करून टेबलांवर चढवू लागले, की कायतान कॉलरचं बटण सोडी आणि कागद मिटून ठेवी. मग तो, पियानोवाला, मोठ्या फिडलवाला आणि ड्रमवाला असे चौघे आपल्यासाठी वाजवत बसत.

त्यात एकजण बोले आणि बाकीचे तिघं 'व्हय, व्हय, मग?' म्हणत. ठरलेल्या गाण्याच्या रस्त्यावरून कायतान खाली शेतात उतरे, भटकून येई, आणि बरोबर पुढच्या दगडापाशी रस्त्याला लागे. तोवर पियानोवाल्याने त्याची जागा धरून ठेवलेली असे. ठोका जिथे पडायला हवा तिथून केसभर मागे पडे, आणि तेवढ्यानेच ऐकणाऱ्याचा पाय हलू लागे. याला ते जॅझ म्हणत. मी मनाशी एवढंच धरलं, की काम संपल्यावर वाजवतात ते जॅझ.

कायतानला दम लागू लागला तसा तो लेकीकडे राहायला गेला आणि मला एका वाद्यांच्या दुकानात ठेवून गेला. जाताना त्याने माझं तोंड हातरुमालाने पुसलं आणि रुमाल आतच विसरला. मी पुढे दोन वर्षं तो रुमाल तोंडात धरून काचेच्या कपाटात बसलो. वाजवणारा नसला की वाद्याचं फर्निचर होतं.

मग एके दिवशी अंबाजी आले. मारोती मास्तरांचे वडील. छप्पन सालानंतर बौद्ध झालेलं हे घर. अंबाजींनी गावात पंचशील ब्रास बँड उभा केला होता. त्यांना हवी होती क्लॅरिनेट. दुकानात क्लॅरिनेट नव्हती. दुकानदाराने मला पुढे केलं आणि सांगितलं, हीच ती, फक्त वाकवलेली. अंबाजींनी त्याच्यावर विश्वास ठेवला, याचा मला आजतागायत आनंद आहे. बीदरपर्यंत रेल्वे आणि पुढे मोटार, सगळा प्रवास मी त्यांच्या मांडीवर केला. रुमाल त्यांनी धुऊन वाळवला आणि पुन्हा माझ्या तोंडात ठेवला. दुसऱ्याची वस्तू टाकायची नाही, असा त्यांचा स्वभाव.

अंबाजी आपले आपणच शिकले. पहिले तीन महिने शेजारच्या म्हशी दूध आखडून धरत होत्या, अशी गावात आठवण आहे. पुढे मात्र आसपासच्या गावांत लग्नाची तारीख आधी पंचशील बँडला विचारून मगच धरू लागले. चौदा एप्रिलला बसवकल्याणच्या मिरवणुकीत मी सगळ्यात पुढे असे. त्या दिवसाची झळाळी वेगळीच. त्या दिवशी चिंच-राख न लावताही मी चमकत असे.

अंबाजींच्या बँडला एक नियम होता, तो आता नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. वरात चाललेली असताना वाटेत ज्या घरात कुणी नुकतं गेलेलं असेल, त्या घरासमोर वाजवायचं नाही. पण गाणं थांबवायचंही नाही. हलगीवाला टिपरू, म्हणजे वाजवायची काडी, काखेत धरतो आणि नुसत्या बोटांनी, बँडवाल्यांपुरता, ठेका चालू ठेवतो. फुंकणारे फुंकायचे थांबतात, पण बोटं वाद्यावर चालू राहतात. गाणं आतल्या आत पुढे सरकत असतं. घर मागे पडलं, वळण आलं, की हलगीवर दोन खणखणीत ठोके पडतात. मग सगळे एकदम सुरू करतात, पण जिथं सोडलं तिथून नाही. एवढ्या पावलांत गाणं जिथं पोचलं असतं तिथून. न चुकता. बाहेरगावचे बँडवाले हे बघायला मुद्दाम येत.

त्या काळी एका मोठ्या घरी बँडला बोलावत, पण पाणी वरून ओतत. त्या घरात पुढे मयत झाली आणि आठ दिवसांत दुसरीच एक वरात त्याच दारावरून निघाली. बँडमधला एक तापट गडी म्हणाला, आज इथंच जोरात वाजवू. अंबाजींनी चालता चालता त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "घर बघू नको. पाऊल मोज." त्या दिवशी आम्ही चाळीस पावलं मुके चाललो. मला अंबाजींचा अभिमान वाटला, आणि रागही आला. दोन्ही अजून आहेत.

अंबाजींनंतर मी मारोती मास्तरांच्या हाती आलो. अंबाजींचा सूर सरळ, ताठ, मास्तरांचा ओलसर. खालच्या पट्टीत त्यांची फुंक सुराच्या आधी ऐकू येते, मग सूर येतो, जसं आधी पाऊल वाजतं आणि मग माणूस दारात दिसतो. दोन सुरांच्या मधली जी पायरी पेटीवर सापडत नाही, तिच्यावर ते ओठ जरासा सैल सोडून बसतात. त्यांना कुणी शिकवलं नाही. मी कायतानकडे हे पाहिलं होतं.

आणि हे सगळं ते वरातीत वाजवत नसत. वरातीत लोकांना हवं ते. नवरदेव मांडवात गेला, वऱ्हाडी जेवायला बसले, की बँड आपल्या वाटेने निघे. ऊन कलतीला लागलेलं, पाय दमलेले, कुणाची फर्माईश नाही. तेव्हा मास्तर मला ओठाला लावत आणि काहीतरी सुरू करत. त्याला नाव नव्हतं. बँडवाले त्याला नुसतं 'परतीचं' म्हणत. आमचा हलगीवाला श्रीमंत साथीला यायचा, पण दमलेला असल्यामुळे त्याचा ठोका केसभर मागे पडे. मास्तरांचा पुतण्या बुद्धरत्न मोठा वेटोळ्याचा पितळी भोंगा वाजवी, ज्याला बँडवाले नुसतं बास म्हणतात. तो खालून दोन-दोन पावलं टाकी. पंचाक्षरी पेटी गळ्यात अडकवून चाले. ब्रास बँडात पेटी कुणी ऐकली आहे? पण क्लॅरिनेटवाला हैदराबादला नोकरीला गेला, तेव्हा मठात भजनाला पेटी वाजवणारे पंचाक्षरी आपणहून आले आणि राहिले. एकजण बोले, तिघं 'व्हय, व्हय, मग?' म्हणत. सिकंदराबादची ती रविवारची दुपार मला ज्वारीच्या रानात, चार दमलेल्या माणसांत, पुन्हा भेटली. मनाशी म्हटलं, यांना नाव माहीत नाही तेच बरं.

नाव आणलं रूपालीने. मास्तरांची मुलगी, गुलबर्ग्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. बेंगळुरूला होस्टेलवर असताना मैत्रिणीच्या खोलीत तिने एक रेकॉर्ड ऐकलं आणि सुट्टीला घरी आल्यावर ते फोनवर वडिलांच्या कानाशी धरलं. मास्तरांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग विचारलं, "ही लोकं कोणत्या गावाहून परत यायलेत?" रूपाली हसली नाही. ती म्हणाली, "याला जॅझ म्हणतेत, अप्पा. तुमचं परतीचं हेच हाय." मास्तरांना ते पटलंही आणि नाहीही. मास्तरांचं म्हणणं, त्या लोकांचं वाजवणं त्यांचं, आपलं आपलं.

पुढे डीजे आले. त्यांच्याबद्दल मी जास्त बोलत नाही, कारण बोललो की माझी पट्टी चढते. एवढंच सांगतो, की वराती कमी झाल्या तसं परतीचंही कमी झालं. जायचंच नाही तर परतायचं कुठून? श्रीमंत शेतात रमला, बुद्धरत्न बस डेपोत मेकॅनिक झाला. वर्षात पाच-सहा सुपाऱ्या उरल्या. तरी मास्तर मला रोज दुपारी काढत. माझी एक स्प्रिंग तुटली होती, तिच्या जागी त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली; ती कळ अजून दाबली की 'टक' करते. बाकीच्या नुसत्या 'टप' करतात.

गेल्या वर्षी मास्तरांच्या वरच्या हिरड्या सुजल्या. बसवकल्याणची दातांची डॉक्टरीण तरुण होती, पण बोलायला सरळ. वरचे सगळे दात काढावे लागतील, वीस दिवसांत काढू, मग कवळी. मास्तरांनी एकच विचारलं, यानंतर वाजवता येईल का. वरचे दात माझ्या तोंडपट्टीवर टेकतात, त्यांच्याच आधाराने ओठ काम करतो. डॉक्टरीण म्हणाली, काहीजण वाजवतात, पण पुन्हा शिकावं लागेल आणि पहिल्यासारखा सूर येईल असं मी सांगणार नाही. मास्तर घरी आले, मला मांडीवर घेतलं, आणि न वाजवता परत ठेवलं. तसं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. मला भीती वाटली, हे कबूल करतो.

रूपालीला कळलं तशी ती पुढच्याच गाडीने आली. तिचं एकच म्हणणं होतं, की वीस दिवसांत परतीचं रेकॉर्ड करायचं. मास्तर तयार होईनात. ते लोकांसाठी नाहीच, ते वाटेवरचं आहे, त्याला सुरुवात नाही शेवट नाही, असं म्हणू लागले. शेवटी शकुबाई, मास्तरांची बायको, तुरीच्या डाळीतले खडे निवडता निवडता म्हणाल्या, "चाळीस वर्सं लोकाचं वाजवलाव. एक डाव तुमचं वाजवा की." खडे निवडून झाले, तोवर मास्तरांचं ठरलं होतं.

गुलबर्ग्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डाळीच्या दुकानावर दुसऱ्या मजल्याला प्रशांतकुमारचा स्टुडिओ. कन्नड भक्तिगीतं आणि निवडणुकीतली प्रचारगाणी यांवर तो चाले. मनुष्य भला, पण शिस्तीचा. त्याने चौघांना चार काचेच्या खोल्यांत बसवलं आणि प्रत्येकाच्या कानावर टिकटिक वाजणारा हेडफोन चढवला. एकेकाचं वेगळं घेऊ, मग जोडू, म्हणाला. आम्ही वाजवलं. शाळेत हजेरी देतात तसं झालं. श्रीमंतचा ठोका टिकटिकीला घाबरून अगदी वेळेवर पडू लागला, आणि परतीचं मेलं.

मास्तरांनी हेडफोन काढून ठेवला. म्हणाले, "बसून न्हाई व्हायचं, सर. हे चालत वाजतंय." प्रशांतकुमारने रूपालीकडे पाहिलं. तिने विचारलं, सगळ्यांना एकाच खोलीत उभं करता येईल का. तो बराच वेळ माइक मोजत राहिला आणि मग मोठ्या खोलीतल्या खुर्च्या त्याने स्वतःच बाहेर नेल्या. चौघांनी चपला काढल्या. गालिच्यावर जागच्या जागी चालायचं ठरलं.

तेवढ्यात श्रीमंतने हलगी वाजवून बघितली आणि तोंड वाकडं केलं. एसीच्या गारव्याने चामडं उतरलं होतं. हलगीला शेक लागतो. त्याने कुणाला न विचारता बाहेरच्या बोळात वर्तमानपत्र पेटवलं. प्रशांतकुमार पाण्याची बाटली घेऊन धावला. दखनीत, कन्नडमध्ये आणि शेवटी हात जोडून त्याने आग विझवायला लावली. पण तोवर हलगी मस्त चढली होती आणि धूर आत आला होता. धूर काढायला रस्त्याकडच्या खिडकीचा जाड पडदा बाजूला सारला, काच उघडली, पुन्हा घट्ट लावली. पडदा तसाच राहिला. श्रीमंत त्या खिडकीशीच उभा होता.

मग सुरू झालं. कुणी सांगितलं नाही, मोजलं नाही. बुद्धरत्नने खालून दोन पावलं टाकली, श्रीमंत केसभर मागून आला, पंचाक्षरींनी पेटीचा भाता नुसता उघडून श्वास घेतल्यासारखं केलं, आणि मास्तर माझ्यात शिरले. असं त्यांनी मला कधी वाजवलं नव्हतं. आधी फुंक, मग सूर. त्या मधल्या पायरीवर ते इतका वेळ बसले, की पंचाक्षरींनी पेटीवर तिच्या दोन्ही बाजूंचे सूर दाबून तिला जागा करून दिली. हा माणूस मठातून आला होता आणि तो अगदी कायतानच्या पियानोवाल्यासारखा वाजवत होता. चौथ्या मिनिटाला मास्तर रस्ता सोडून रानात उतरले. मला वाटलं, हे राहणार, आता हे राहणार.

आणि तेव्हाच श्रीमंतने खाली रस्त्यावर पाहिलं. एक अंत्ययात्रा चालली होती. लिंगायत रीतीप्रमाणे बांबूच्या सजवलेल्या आसनात बसवलेलं कुणी म्हातारं माणूस, झेंडूच्या माळा, मागे संथ चालणारे लोक. काचेतून आवाज काहीच येत नव्हता. आमचाही त्यांना ऐकू जाणार नव्हता. हे चौघांनाही ठाऊक होतं. तरी श्रीमंतचं टिपरू काखेत गेलं आणि त्याची बोटं हलगीवर आली. बासची फुंक थांबली. भाता मिटला. मास्तरांचा श्वास माझ्यातून निघून गेला, आणि त्यांची बोटं माझ्या कळांवर चालत राहिली.

पलीकडच्या खोलीत प्रशांतकुमारने आधी स्वतःचे हेडफोन झटकले, मग तारा ओढून पाहिल्या. मग मशीन बंद करायला हात पुढे नेला. रूपालीने त्याचं मनगट धरलं. "थांबा अण्णा," ती म्हणाली, "ते चालायलेत."

मिनिटभर, आणि वर थोडं. चार माणसं अनवाणी, जागच्या जागी. माझ्या कळा टप टप, आणि मध्येच ट्यूबची पट्टी बांधलेली ती एक, टक. पंचाक्षरी ओठातल्या ओठात ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु मोजत होते. बुद्धरत्न एक, दोन, तीन, चार. दोघांचे चार एकाच वेळी पुरे होत होते. खाली यात्रा डाळीच्या दुकानापुढून सरकली आणि वळणाआड गेली. श्रीमंतने दोन ठोके दिले. आम्ही सगळे एकदम आलो, गाणं जिथं पोचलं होतं तिथे. रानातून रस्त्यावर, अगदी पुढच्या दगडापाशी.

संपल्यावर मास्तर ओशाळले. चूक झाली म्हणाले, सवयीने झालं, पुन्हा घेऊ. पुन्हा सुरू केलं आणि दहाव्या पावलाला माझ्या तोंडपट्टीवर मला गरम, खारट काहीतरी लागलं. पुढचा दात हलला होता. मास्तरांनी रुमालाने ओठ पुसला आणि भिंतीला टेकून बसले. त्यांनी आणखी दोनदा ओठाला लावून पाहिलं. सूर आला नाही. वीस दिवसांतले अजून सहा उरले होते, पण त्यांचा उपयोग नव्हता. जे काही होतं ते त्या एका वाजवण्यात होतं, आणि त्याच्या बरोबर मध्ये मिनिटभराचं भगदाड होतं.

प्रशांतकुमारने मास्तरांचा चेहरा पाहिला आणि त्याला वाईट वाटलं. तो म्हणाला, मास्टर, काळजी करू नका, मधलं कापून दोन्ही तुकडे जोडतो, कुणाला पत्ता लागणार नाही. दहा मिनिटांत त्याने जोडलंही, आणि हातचं राखून सांगत नाही, सुरेख जोडलं. सांधा कुठे आहे ते मलासुद्धा कळेना. श्रीमंत खूश झाला. रूपालीने वडिलांकडे पाहिलं.

मास्तरांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. रुमाल ओठावर तसाच दाबलेला. मग म्हणाले, "मधलं घर कुटं गेलं?"

प्रशांतकुमारला समजलं नाही. पंचाक्षरींनी त्याला कन्नडमध्ये सगळं समजावलं, अंबाजींपासून, त्या वरून पाणी ओतणाऱ्या दारापर्यंत. तो ऐकत राहिला. खालून जे गेले ते कोण होते हे त्याला माहीत होतं. समोरच्या गल्लीतले, निवृत्त शाळामास्तर. त्याच्या बापाला त्यांनी अक्षरं शिकवली होती. तो स्वतः यात्रेला जाणार होता, पण रेकॉर्डिंगची वेळ दिलेली होती. हे त्याने मान खाली घालून सांगितलं, मशीनकडे वळला आणि कापलेलं मिनिट जिथल्या तिथे परत ठेवलं.

तर असं ते रेकॉर्ड झालं. रूपालीने ते इंटरनेटवर चढवलं. नाव काय द्यायचं यावर घरात दोन दिवस वाद झाला आणि शेवटी 'परतीचं' हेच राहिलं. खाली नावं आहेत: सॅक्सोफोन मारोती, हलगी श्रीमंत, बास बुद्धरत्न, पेटी पंचाक्षरी, ध्वनिमुद्रण प्रशांतकुमार. आणि शेवटी रूपालीने लिहिलंय, 'मधलं घर: अंबाजी'. ते वाचून मास्तर उठून अंगणात गेले आणि उगीचच खांबाला बांधलेली दोरी सोडून पुन्हा बांधत बसले.

फार लोकांनी ऐकलं असं नाही. कुठून कुठून चार ओळी येतात, रूपाली वाचून दाखवते. कुणी विचारतं, हा सूर असा वाकतो कसा. कुणाला हलगी आवडते. बरेच जण विचारतात, चौथ्या मिनिटाला तुमचं रेकॉर्ड बिघडलंय का. ते बोट लावून पुढे सरकवतात, आणि मग दोन ठोक्यांनी दचकतात.

मास्तरांचे दात निघाले. जखम भरायला थंडीपर्यंत वेळ लागला, मग कवळी आली. पहिल्यांदा माझ्यात फुंक घातली तेव्हा मी असा काही किंचाळलो, की शकुबाईंच्या हातातलं पीठ सांडलं आणि त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मास्तरही हसले, कवळी हातात धरून. आता खालचे चार-पाच सूर बरे येतात. चौदा एप्रिलला ते मला घेऊन मिरवणुकीत चालले. वाजवलं थोडं, मिरवलं जास्त. परतीचं मात्र त्यांना वाजत नाही, आणि पुन्हा वाजेल असं त्यांना वाटत नाही. मलाही नाही. मी खोटी आशा दाखवणाऱ्यांतला नाही.

तरी माझं बरं चाललं आहे, हे मनापासून सांगतो. कायतानचा रुमाल आता विरून जाळी झालाय, पण तोंडात आहे. दुपारी जेवणं झाली की मास्तर खुंटीवरून मला काढतात, पट्टा गळ्यात घालतात आणि फोनवर ते रेकॉर्ड लावतात. साडेतीन मिनिटं ते नुसते ऐकतात. स्वतःचंच ऐकताना माणूस जरा लाजतो, तसे लाजतात. मग तिथला श्रीमंत टिपरू काखेत घालतो, सगळं मुकं होतं, आणि इथे मास्तरांची बोटं माझ्या कळांवर येतात. रेकॉर्डमधली टप आणि इथली टप एकावर एक बसतात. ट्यूबच्या पट्टीची टकसुद्धा. त्या घरासमोर दात लागत नाहीत. तिथे मास्तर आज जेवढं वाजवतात ते तेव्हाइतकंच आहे, रतीभर कमी नाही.

माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. परतीचं कधी तुमच्या कानावर आलं, तर चौथ्या मिनिटाला घाईने बोट लावू नका. काही बिघडलेलं नाही. एक, दोन, तीन, चार मोजत आमच्याबरोबर चला. कन्नडमध्ये मोजलंत तरी चालेल. नीट कान दिलात तर एक टक ऐकू येईल, तो मी. कोहिनूरला तेव्हा दुपार असेल तर मास्तरही तिथेच असतील. वळण आलं की श्रीमंत दोन ठोके देईल.